एक लिफ्ट, तीन वाहिन्या

‘मॅड टीव्ही’ हा १९९१ सालचा जर्मन संगणक-खेळ. तुम्ही एका वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख. चित्रपट विकत घ्यायचे, जाहिराती मिळवायच्या, बातम्या निवडायच्या आणि जमलंच तर तुमचा जीव जडलेल्या बेट्टीचं मनही जिंकायचं. खरी मेख मात्र इमारतीत आहे. चित्रपट विकणारा एका मजल्यावर, जाहिरात एजन्सी दुसऱ्या, तुमचं ऑफिस तिसऱ्याच. लिफ्ट एकच, आणि ती दोन प्रतिस्पर्धी वाहिन्याही वापरतात. तुम्ही दारात ताटकळत असता तेव्हा घड्याळ थांबत नाही.

ही अडचण संगणकशास्त्राला चांगलीच परिचयाची. जो आधी बोलावेल त्याच्याकडे आधी, असं केलं तर लिफ्ट उगाच वर-खाली हेलपाटे घालते. म्हणून एका दिशेने जाताना वाटेतली सगळी कामं उरकायची आणि मगच उलटं फिरायचं. हार्ड डिस्कमधलं वाचणारं टोक पुढे-मागे हलवायलाही हीच पद्धत वापरत. तिचं नावच ‘लिफ्ट अल्गोरिदम’. खेळाडूलाही हेच जमवावं लागतं. जाहिरातीचा करार मुदतीत पुरा झाला नाही तर दंड बसतो, तेव्हा त्या मजल्यावर जायचंच असेल तर वाटेतला चित्रपटही पदरात पाडून घ्यावा.

आणि खास खोडसाळपणा: खालच्या फलकावरच्या खोल्यांच्या पाट्या बदलता येतात. बॉम्ब घेऊन आलेला दहशतवादी मग पाटी वाचून सरळ प्रतिस्पर्ध्याच्या खोलीत शिरतो!