ऑपरेशन झालं, कळ थांबली नाही

मणक्याच्या ऑपरेशननंतरही दुखत राहिलं, की फाइलवर वर्षानुवर्षं ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ असा शेरा पडे. हे निदान नव्हेच. २०२१ मध्ये वेदनातज्ज्ञांनी ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’ हे नाव सुचवलं. कारण मात्र तरीही शोधावंच लागतं. सहज नजरेतून सुटतो तो अ‍ॅरॅक्नॉइडायटिस. मज्जारज्जूभोवतीच्या नाजूक आवरणाचा दाह होऊन मज्जातंतूंची मुळं एकमेकांना चिकटतात. पायांची आग होते, फार वेळ बसवत नाही, कधी लघवीवरचा ताबाही जातो. एमआरआयमध्ये हे चिकटणं दिसू शकतं, पण त्यासाठी बघणाऱ्याच्या मनात तो संशय हवा. तो नसला, की ‘मनाचं दुखणं’ म्हणून रुग्णाला घरी धाडलं जातं, आणि हा फार मोठा अन्याय आहे. मणके जोडल्यावर कमरेखालचा सॅक्रोइलियाक सांधा दुखू लागला, तरी दोष पुन्हा मणक्यावरच येतो.