शब्दकोशाची धूळपाटी

शब्दकोश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखाद्या व्यासंगी पंडिताची मूर्ती उभी राहते. मोल्सवर्थचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश घ्या किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घ्या. कोणता शब्द घ्यावयाचा आणि कोणता गाळावयाचा, याचा अखेरचा निर्णय संपादकाचा असे. १२ डिसेंबर २००२ रोजी महाजालावर सुरू झालेल्या ‘विक्शनरी’ या कोशाने ही व्यवस्था पालटली. येथे कोणीही वाचक पानावर लिहू शकतो, लिहिलेले खोडू शकतो. मग उंबरठ्यावर कोणी अडवीत नसता आत आलेल्या नवख्याला घराची रीत कळते तरी कशी?

नियम लिहिलेले आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत. परंतु सर्व नियम वाचून मग लेखणी उचलणारा नवखा विरळाच. सरकारी कचेरीत रुजू झालेला नवा लिपिक तरी कार्यपद्धतीची पुस्तिका वाचून कोठे शिकतो? तो शिकतो जुन्या नस्त्या चाळून, आणि आपला मसुदा वरिष्ठांकडून तांबडा होऊन परत आला म्हणजे. विक्शनरीतही तसेच घडते. प्रत्येक पानाचा संपूर्ण इतिहास तेथे जतन केलेला असतो. कोणी, केव्हा, कोणता बदल केला हे कोणालाही पाहता येते, आणि बदल करणाऱ्याने त्याचे कारण थोडक्यात नोंदवावे अशी अपेक्षा असते. केवळ सरावासाठी एक स्वतंत्र पान राखून ठेवण्याचीही प्रथा आहे. विक्शनरीचे भावंड जो विकिपीडिया, त्याच्या मराठी आवृत्तीत अशा पानाला ‘धूळपाटी’ हे मोठे समर्पक नाव मिळाले आहे.

तथापि खरे शिक्षण होते ते एखादा शब्द पणाला लागला म्हणजेच. समजा, कोणी ‘लाल साडी’ अशी नोंद केली. ती काढून टाकली जाईल. कारण ‘लाल’ आणि ‘साडी’ यांचे अर्थ ठाऊक असणाऱ्याला तिचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. ‘लाल फीत’ मात्र राहील. तिच्यात रंगाचा आणि फितीचा अर्थ आहेच. पण कागद पुढे न सरकण्याचा जो अर्थ आहे, तो त्या दोहोंच्या बेरजेतून निघत नाही. (आम्हा सरकारी नोकरांना हे उदाहरण अंमळ बोचते, पण त्याला इलाज नाही.)

याहून कठीण नियम पुराव्याचा. विक्शनरीच्या इंग्रजी आवृत्तीत सर्व भाषांतील शब्दांना प्रवेश आहे. पण ज्या भाषांत छापील वाङ्मय विपुल आहे, त्यांतील शब्दाविषयी शंका निघाल्यास त्याच्या वापराची, परस्परांपासून स्वतंत्र व एका वर्षाहून अधिक काळात विखुरलेली, तीन उदाहरणे द्यावी लागतात. साधारण महिनाभर वाट पाहूनही ती न मिळाल्यास नोंद जाते. शिवाय उदाहरण वापराचे हवे, उल्लेखाचे नव्हे. ‘अडकित्ता म्हणजे सुपारी कातरण्याचे साधन’ हा उल्लेख झाला. ‘आजीने अडकित्ता मागितला’ हा वापर. स्वतः घडविलेला शब्द कोशात बसवू पाहणारा उत्साही माणूस येथेच अडतो.

आणि येथेच एक अन्यायही संभवतो. तंजावरच्या एखाद्या मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलला जाणारा शब्द कधी छापलाच गेला नसेल, तर त्याने पुरावा कोठून आणावा? ज्या भाषांत लिखाण थोडे आहे, त्यांच्यासाठी ही अट पुष्कळ सैल केलेली आहे. परंतु मोठ्या भाषेच्या एका कोपऱ्यातील बोलीला ती सवलत आपोआप लाभत नाही. अशा वेळी जुन्या संपादकाने नोंद नुसती पुसून टाकली, की नवखा दुखावतो आणि पुष्कळदा परत येत नाही. माझ्या मते पुसणाऱ्याने एक वाक्यभर कारण लिहिणे हे त्याचे कर्तव्यच आहे. सांकेतिक आद्याक्षरांचा शेरा त्या नवख्याला काय शिकविणार?

नवख्याची ओढ दुर्मिळ शब्दांकडे असते, हेही नवे नव्हे. ऑक्सफर्डच्या कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये सामान्य वाचकांना उदाहरणे पाठविण्याचे आवाहन केले होते. त्या कोशासाठी स्वयंसेवकांनी जमविलेल्या चिठ्ठ्यांत ‘अब्यूजन’ या अप्रचलित शब्दाची सुमारे ५० उदाहरणे निघाली, आणि रोजच्या ‘अब्यूज’ची पाचही नव्हती! तेव्हा विक्शनरीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्याने नवा शब्द शोधीत बसण्यापेक्षा ‘पाणी’, ‘बसणे’, ‘हात’ अशा एखाद्या साध्या शब्दाचे पान उघडावे, आणि त्याच्या एखाद्या अर्थाखाली छापील पुस्तकातील एक वाक्य लेखकाचे नाव, प्रकाशनाचे वर्ष व पृष्ठांक यांसह नोंदवावे.