पौषातील पहाट आणि इंजिन

घोडनदीकाठच्या शिरूरला किंवा भीमेकाठच्या दौंडला, पौषातील पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरला असता, निघण्यापूर्वी मोटार दहा मिनिटे जागीच धडधडत ठेवण्याचा जो रिवाज कार्बुरेटरच्या अमदानीपासून चालत आला, तो तेव्हा सयुक्तिक होता. कारण शीत हवेत पेट्रोलचे बाष्प नीट होत नसे. आता इंधनाचे प्रमाण संगणकच राखतो. उलट उभ्या गाडीचे इंजिन सावकाश तापते आणि तोवरचे जादा पेट्रोल सिलिंडरमधील वंगण धुऊन नेते. अर्धे मिनिट थांबून प्रारंभी संथ हाकावे, हेच इष्ट. उसाची भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या डिझेल ट्रॅक्टरला मात्र दोन-तीन मिनिटांची सवड अवश्य द्यावी. दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन कदापि चालू ठेवू नका. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग असतो, ना गंध.