पाया कुठे आहे?

बँकेत घरकर्जाचा अर्ज आला की मी आधी पाया विचारायचो. निवृत्तीनंतर ठाण्याचा फ्लॅट मुलाला दिला आणि उरणजवळच्या आमच्या जमिनीवर जुना कंटेनर आणून ठेवला. ४० फूट लांब, ८ फूट रुंद. त्याचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो खरा, पण पन्हळी भिंतीही त्याला ताठ धरतात. मी हौसेनं मोठी खिडकी कापली आणि छत झुकलं! वेल्डरनं लोखंडी चौकट बसवली, तेव्हा निभावलं. आतून रॉकवूल आणि प्लायवुड लावल्यावर रुंदी जेमतेम ७ फूट उरली. तरी मे महिन्यात घर तापलंच.

"अहो, जन्मभर लोकांना पाया विचारलात आणि मला डब्यात आणून बसवलंत," ही म्हणाली.

जूनमध्ये पत्र्यावर पहिली सर कोसळली, तेव्हा मात्र तिनं रेडिओ बंद केला आणि खुर्ची दारात ओढली.