नांगर टाकला, पण झोप लागेल का?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, बोट थांबवायला नांगर टाकायचा, बस्स. त्यात समजावण्यासारखं काय आहे?" प्रश्न बरोबर आहे. दुपारी दोन तास पोहायला थांबायचं असेल तर खरंच फार काही नाही. पण रात्रभर थांबून त्याच बोटीत झोपायचं असेल, तर गोष्ट बदलते.

म्हणून आज जाऊया स्पेनच्या मेनोर्का बेटावर. भूमध्य समुद्रातलं हे बेट १९९३ पासून युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह आहे. दक्षिण किनाऱ्यावर चुनखडीचे कडे आणि मध्ये मध्ये छोटे, आत घुसलेले किनारे. तिथे त्यांना 'काला' म्हणतात (आपला गोपाळकाला नव्हे!). काला एन तुर्केता हा त्यातलाच एक. पांढरी वाळू, पाइनची झाडं, हॉटेल नाही, जेट्टी नाही. म्हणजे बोट बांधायला काहीच नाही. तुमचा नांगर, तुमची साखळी आणि तुम्ही.

आता एक गैरसमज काढून टाकू. नांगर वजनाने बोट धरत नाही. १२ मीटर लांबीची शिडाची बोट सात-आठ टन तरी भरते आणि तिचा नांगर असतो साधारण २० किलोचा. वजनावर जमणारच नाही! नांगर शेतातल्या नांगरासारखा वाळूत घुसतो आणि त्या घुसण्यावर सगळं टिकतं. तो घुसून राहायचा तर ओढ आडवी हवी. वरून ओढलं की तो उपटला जातो. म्हणून लांब साखळी सोडायची, म्हणजे ती तळावर पडून राहते आणि नांगराची दांडी खाली दाबून धरते.

हिशोब सोपा आहे. पाणी ५ मीटर खोल, बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून १ मीटर वर. झाले ६. त्याच्या पाचपट, म्हणजे ३० मीटर साखळी. वारा वाढणार असेल तर सातपट. मुंबईत हा हिशोब करताना भरती धरावीच लागते, कारण उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी वीतभर-हातभरच. पण मेनोर्कात एक विचित्र प्रकार आहे, 'रिसागा'. हवेच्या दाबातल्या बदलांमुळे बंदरातलं पाणी अचानक उतरतं आणि तसंच परत चढतं. १५ जून २००६ ला सियुतादेया बंदरात पाणी काही मिनिटांत सुमारे ४ मीटर उतरलं आणि डझनावारी बोटींचं नुकसान झालं. असा इशारा असेल त्या दिवशी अरुंद ठिकाणी जायचंच नाही.

बरं, नांगर टाकायचा कुठे? इथे रंग बघायचा. फिकट निळं पाणी म्हणजे वाळू, काळपट डाग म्हणजे खडक किंवा पोसिडोनिया. पोसिडोनिया हे शेवाळ नाही बरं का, मुळं-पानं-फुलं असलेली खरीखुरी वनस्पती आहे आणि ती फक्त भूमध्य समुद्रात सापडते. तिचं खोड वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर पसरतं. एका नांगराने उपटलेला तुकडा भरून यायला किती काळ लागेल, तुम्हीच विचार करा. बालेआरिक बेटांवर २०१८ च्या नियमाने तिच्यावर नांगर टाकायला बंदी आहे आणि दंडही होतो. आणि स्वार्थाचंच बोलायचं तर गवतात नांगर नुसता अडकतो, घुसत नाही. धरला असं वाटतं, आणि रात्री सुटतो. म्हणून ऊन वर असतानाच पोहोचा. संध्याकाळी सातला सगळंच पाणी काळं दिसतं.

वाळूचा डाग सापडला की बोटीचं तोंड वाऱ्याकडे, वेग शून्य, मग नांगर. वारा बोटीला मागे नेतो तशी साखळी सोडत जायची. सगळी एकदम ओतली तर तळाला नुसता ढीग होतो. शेवटी इंजिन रिव्हर्समध्ये, आधी हळू, मग जोरात. त्या वेळी किनाऱ्याकडे बघा. एक खडक आणि त्याच्या बरोबर मागचं एक झाड एका रेषेत धरा. रेषा तुटत राहिली तर बोट सरकतेय. उचला, पुन्हा टाका. लाज वाटायचं कारण नाही. त्यानंतर मास्क लावून पाण्यात उडी आणि नांगर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. मला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो.

आता रात्र. शाळेतले खारे वारे, मतलई वारे आठवतात? तेच इथे परीक्षा घेतात. दिवसा वारा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून. बोट नांगराभोवती अर्धी फिरते आणि ओढ उलट्या बाजूने बसते. ३० मीटर साखळी अधिक १२ मीटर बोट, म्हणजे जवळपास ८० मीटर रुंदीचं वर्तुळ मोकळं हवं. त्या वर्तुळात गवतही नको, शेजाऱ्याची बोटही नको. आधी आलेल्याचा मान मोठा, नंतर आलेल्याने हलायचं. मास्तावरचा पांढरा दिवा लावायला विसरू नका.

आणि हो, तुमचा फोन. अँकर अलार्मचं ॲप जीपीएसवर चालतं, नेटवर्क लागत नाही. पण नांगर पाण्यात पडतो त्या क्षणी जागा नोंदवा. नंतर नोंदवली तर वर्तुळाचं केंद्रच चुकतं. फोन चार्जरला, आवाज फुल.

अलार्म वाजला तर काय, हे मात्र आधीच ठरवून ठेवा. काला एन तुर्केता दक्षिणेकडे उघडा आहे. उत्तरेचा त्रामुन्ताना वारा असेल तर मस्त आडोसा. दक्षिणेचा वारा आला तर मागे कडा आणि समोर लाटा. ऑगस्ट २०२४ मध्ये फोरमेन्तेरा बेटावर वादळ आलं आणि कितीतरी बोटी किनाऱ्यावर जाऊन आदळल्या. म्हणून झोपण्याआधी अंधारात बाहेर पडायची होकायंत्राची दिशा कागदावर लिहा आणि बोटीवरच्या प्रत्येकाला दाखवा. अंदाजात दक्षिणेचा वारा दिसला तर जेवण बंदरातच करा, काला उद्याही तिथेच असणार आहे.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात शिडं गुंडाळायची कशी, ते बघू.