रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे सुवार्ताकार्य आणि ख्रिस्ती मंडळीस त्यातून मिळणारा बोध

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती परंपरेचा विचार करताना बाबा पदमनजी आणि रेव्ह. नारायण वामन टिळक ही दोन नावे प्रथम पुढे येतात. दोघांचेही लेखन विपुल असल्याने मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना हक्काचे स्थान मिळाले. रेव्ह. नारायण शेषाद्री यांच्या वाट्याला ही प्रसिद्धी आली नाही. त्यांची ओळख ग्रंथांतून होण्यापेक्षा जालन्याजवळ त्यांनी वसविलेल्या एका वसाहतीतून अधिक होते. उपदेश करणाऱ्याने श्रोत्यांच्या संसाराची जबाबदारी कोठवर घ्यावी, हा प्रश्न त्या वसाहतीमुळे उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने त्यांच्या कार्याचा विचार केला आहे.

धर्मांतर आणि त्याची किंमत :
शेषाद्री ब्राह्मण कुटुंबातील. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात रेव्ह. रॉबर्ट नेस्बिट यांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले आणि 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. तो अल्पवयीन असल्याने वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलाचा ताबा वडिलांकडे दिला. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे, असा आग्रह बाळशास्त्री जांभेकर यांनी धरला. सनातनी मंडळींनी त्यास कडवा विरोध केला.

हे प्रकरण सामाजिक सुधारणेच्या इतिहासात बाळशास्त्रींच्या संदर्भात सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्याची दुसरी बाजू क्वचितच पाहिली जाते. एका भावास नवा धर्म मिळाला, परंतु घर दुरावले. दुसरा कायद्याने घरी परतला, तरी जातीच्या दारात त्याला तिष्ठत राहावे लागले. जात सुटणे व जात मिळणे या दोन्ही गोष्टी माणसाच्या भाकरीशी आणि निवाऱ्याशी किती घट्ट बांधलेल्या आहेत, हे नारायणरावांनी आपल्याच घरात पाहिले. पुढील आयुष्यात त्यांनी जे केले, त्याचा उगम येथे शोधणे वावगे ठरणार नाही.

जालना आणि मांग समाज :
1854 साली शेषाद्री यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजी जाणणारा, विद्यालयात शिकविणारा पाळक मुंबईतच सुखाने राहू शकला असता. तथापि 1860 नंतरच्या दशकात निजामाच्या राज्यातील जालना हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र बनले. तेथे सुवार्तेस प्रतिसाद दिला तो मुख्यतः मांग समाजाने.

या घटनेचे वजन समजण्यासाठी त्या काळातील गावगाडा ध्यानात घेतला पाहिजे. दोर वळणे, केरसुण्या करणे, वाजंत्री वाजविणे, गावाची राखण करणे ही मांगांची परंपरागत कामे. त्यांचा मोबदला गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असे आणि वस्ती गावकुसाबाहेर. जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या समाजाच्या दुःखाला वाचा फुटली. अस्पृश्य मानलेल्या जातींतही परस्परांत रोटीव्यवहार नव्हता. अशा समाजात जन्माने ब्राह्मण असलेला पाळक प्रभुभोजनाची भाकर व प्याला देत होता. कोणत्याही प्रवचनातील बंधुत्वाच्या प्रतिपादनापेक्षा ही कृती अधिक बोलकी होती, असे म्हणावे लागते.

बेथेल :
गावकऱ्यांचा रोष झाला की बाप्तिस्मा घेणाऱ्याचे काम आणि धान्य दोन्ही जाण्याचा धोका असे. केवळ उपदेश करून पुढच्या गावी जाणाऱ्या प्रचारकाला हा प्रश्न भेडसावत नाही. एकाच जागी राहणाऱ्याला तो टाळता येत नाही. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या शासनाकडून शेषाद्री यांनी जालन्याजवळ जमीन मिळविली आणि तेथे ‘बेथेल’ हे गाव वसविले. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात, घर सोडून निघालेला याकोब उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपतो व जागा झाल्यावर त्या ठिकाणाला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो. गावकुसाबाहेरच्या लोकांच्या वसाहतीस हे नाव देण्यात मोठे औचित्य होते. तेथे उपासनेबरोबरच शेती आणि शिक्षण यांनाही स्थान होते.

1873 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री यांनी भाग घेतला. पागोटे घातलेला हा भारतीय पाळक तेथे कुतूहलाचा विषय ठरला. परदेशातील या दौऱ्यात त्यांनी बेथेलसाठी साहाय्यही मागितले. त्याच काळात लंडनमध्ये चार्ल्स स्पर्जन यांची प्रवचने ऐकण्यास हजारोंचा समुदाय लोटत होता व ती दर आठवड्यास छापली जात होती. स्पर्जन यांनीही 1867 मध्ये अनाथाश्रम स्थापिला. मात्र त्यांच्यामागे मोठी, संपन्न मंडळी होती. जालन्याच्या पाळकाला ज्यांना उपदेश करावयाचा, त्यांच्याकडून वर्गणीची अपेक्षा करणे शक्य नव्हते.

कार्याच्या मर्यादा :
येथेच या कार्याची दुर्बल बाजूही दिसते. जमीन शासनाच्या कृपेची, पैसा परदेशातील देणगीदारांचा आणि नेतृत्व एका व्यक्तीचे. 1891 साली शेषाद्री यांचे निधन झाले. त्यानंतरही जालन्याचे कार्य स्कॉटिश मिशनच्याच आधाराने चालले. गावगाड्याच्या जाचातून सुटलेला माणूस मिशनच्या आश्रयाखाली आला, हे नाकारता येत नाही. शिवाय स्वतंत्र वसाहतीमुळे ख्रिस्ती माणूस सुरक्षित होतो, तसा तो शेजाऱ्यांपासून तुटतोही. 1917 साली रेव्ह. टिळकांनी मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यामागे परावलंबनाची हीच खंत होती.

सांगली-मिरज-कुपवाड परिसरातील वाचकास मिशन म्हटले की डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत उभारलेले रुग्णालय आठवते. रुग्णालयाचा लाभ सर्वांनी घेतला, म्हणून त्याची आठवणही सर्वांची झाली. बेथेलचा लाभ ज्यांना झाला, त्यांच्या हाती लेखणी उशिरा आली. आजच्या मंडळ्यांनी आपल्या पूर्वजांच्या आठवणी, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या व जमिनीची कागदपत्रे जतन करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. प्रभुभोजनाच्या मेजावर मोडलेली जात मंडळीतील सोयरिकीच्या वेळी पुन्हा डोके वर काढते, हे ख्रिस्ती समाजाला ठाऊक आहे. शासनाच्या दृष्टीने मात्र धर्मांतराबरोबर अनुसूचित जातीचा दर्जा संपतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो हिंदूंपुरता मर्यादित केला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र शासनाने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगासमोर मंडळीत जात उरली आहे असे सांगावे, तर व्यासपीठावरील बंधुत्वाच्या उपदेशाला बाध येतो. उरली नाही असे सांगावे, तर मागणीचा आधारच जातो. श्रोत्यांच्या भाकरीचा प्रश्न उपदेशापासून वेगळा न मानणाऱ्या शेषाद्रींच्या वारसांना या पेचात मौन पाळता येणार नाही.