डिग्री अडते ती दोन क्रेडिटच्या पेपरात! बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांनी हिशेब दर सेमिस्टरला तपासावा

बीड : मुख्य विषयात चांगले मार्क, सहाही सेमिस्टर दिलेले, तरी हातात डिग्री नाही. अशी वेळ आली की घरचे म्हणतात, विद्यापीठानं घोळ घातला. कधी तसं असतंही. पण पुष्कळदा कारण गुणपत्रिकेतच असतं. पर्यावरणाचा, भाषेचा किंवा कौशल्याचा एखादा छोटा पेपर राहिलेला असतो, नाहीतर इंटर्नशिपचे क्रेडिट चढलेलेच नसतात. "तो पेपर काय, नंतर काढू," असं म्हणून सोडलेला विषय शेवटी आडवा येतो.

आणि तो नेमका नोकरीच्या वेळी आडवा येतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, या पदाला पदवी लागते. पीएसआयला लागते. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेला शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात, पण मुख्य परीक्षेचा अर्ज भरायच्या मुदतीपर्यंत पदवी पूर्ण असावी लागते. तिथं "एकच पेपर राहिलाय" हे चालत नाही.

क्रेडिट म्हणजे काय?

राज्यात नवीन शैक्षणिक धोरण 2023-24 पासून स्वायत्त कॉलेजांत आणि 2024-25 पासून विद्यापीठांच्या संलग्न कॉलेजांत लागू झालं. बीड, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली येतात. इथल्या तालुक्याच्या कॉलेजांनाही हेच धोरण आहे.

यात पदवी क्रेडिटवर मोजतात. वर्गात 15 तास शिकवलं की 1 क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर 30 तासांना 1 क्रेडिट. एका सेमिस्टरला 20 ते 22 क्रेडिट असतात. तीन वर्षांच्या पदवीला कमीत कमी 120 क्रेडिट लागतात, राज्याच्या आराखड्यात हा आकडा 132 पर्यंत जातो. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला कमीत कमी 160 लागतात.

डेअरीवर जसं रोजचं दूध कार्डावर चढतं आणि त्यावर बिल निघतं, तसंच हे आहे. पेपर पास झाला की त्याचे क्रेडिट खात्यावर चढतात. नापास झाला किंवा दिलाच नाही, तर त्या पेपरचा आकडा शून्य.

नुसती बेरीज पुरत नाही

खरी गोम इथं आहे. एकूण क्रेडिट भरले म्हणजे डिग्री मिळाली असं नसतं. प्रत्येक प्रकारातले ठरलेले क्रेडिट त्या त्या प्रकारातच भरावे लागतात. मुख्य विषयात जास्तीचे मिळवले म्हणून भाषेचा पेपर माफ होत नाही.

हे प्रकार साधारण असे आहेत :

• मेजर : मुख्य विषय. इतिहास, मराठी, रसायनशास्त्र, वाणिज्य वगैरे. सगळ्यात जास्त क्रेडिट याचे.

• मायनर : जोडीचा दुसरा विषय.

• ओपन इलेक्टिव्ह : आपल्या शाखेबाहेरचा विषय. बी.ए.च्या मुलानं वाणिज्य किंवा विज्ञानाकडचा घ्यायचा.

• कौशल्याचे पेपर : हाताला काम शिकवणारे, धंद्याला उपयोगी पडणारे.

• भाषेचे पेपर : इंग्रजी आणि मराठी, हिंदीसारखी भारतीय भाषा.

• मूल्यशिक्षण : पर्यावरण, संविधान असे विषय यात येतात.

• भारतीय ज्ञान प्रणाली.

• सहशालेय उपक्रम : एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक कार्यक्रम.

• क्षेत्रकार्य, समाजकार्य आणि ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे इंटर्नशिप.

यातले बरेच पेपर 2 क्रेडिटचे असतात. मार्क कमी म्हणून मुलं त्यांना हलकं समजतात. पण पदवीच्या हिशेबात मेजरचा पेपर राहिला काय आणि 2 क्रेडिटचा राहिला काय, डिग्री दोन्हीकडे सारखीच थांबते.

कोणत्या सेमिस्टरला कोणता पेपर आणि किती क्रेडिट, हे विद्यापीठानुसार आणि शाखेनुसार मागंपुढं होतं. त्यामुळं शेजारच्या पोराचं ऐकून विषय निवडू नका. आपल्या अभ्यासक्रमाचा तक्ता कॉलेजातून किंवा विद्यापीठाच्या वेबसाइटवरून घ्या आणि मोबाईलमध्ये ठेवा.

इंटर्नशिप कुठं करायची?

ट्रेनिंगचे 4 क्रेडिट म्हणजे 120 तासांचं काम. रोज 5 तास धरले तर 24 दिवस. त्यासाठी पुण्याला जायलाच पाहिजे असं काही नाही. पतसंस्था, ग्रामपंचायत, कृषी सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र, गावातलं सीएचे ऑफिस अशा ठिकाणी सोय होऊ शकते. फक्त जागेला कॉलेजची मंजुरी आधी घ्या. हजेरीची नोंद, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणि अहवाल कॉलेजात जमा केल्याची पोच ठेवा. काम केलं पण कागद दिला नाही, तर क्रेडिट चढत नाहीत.

ऊसतोडीच्या घरातल्या मुलांनी काय करावं?

दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मधल्या काळात पहिल्या सत्राची परीक्षा आणि दुसऱ्या सत्राचे वर्ग येतात. आई-बापासोबत फडात गेलेल्या मुलाची हजेरी पडते. कॉलेजांत साधारण 75 टक्के हजेरीची अट असते. त्याहून मोठा फटका अंतर्गत परीक्षेचा. चाचणी, स्वाध्याय, तोंडी परीक्षा यांचे मार्क कॉलेजच देतं. त्या दिवशी मूल नसेल तर छोट्या पेपरात हमखास मार खातं.

अशा घरांनी टोळी निघायच्या आधीच कॉलेजात जाऊन विचारून घ्यावं : अंतर्गत परीक्षेच्या तारखा कोणत्या, बुडालेली चाचणी पुन्हा देता येते का, वसतिगृहात जागा आहे का. जमत असेल तर पोराला नाहीतर पोरीला नातेवाइकाकडं ठेवून जावं. काही पेपर 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतात. एका सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घ्यायची नियमात मुभा आहे. पण कोणता कोर्स चालेल हे कॉलेजला विचारूनच नाव नोंदवा.

शिक्षण मध्येच सुटलं तर?

आधीची मेहनत वाया जात नाही. पहिलं वर्ष पूर्ण, म्हणजे किमान 40 क्रेडिट आणि वर 4 क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षं, म्हणजे किमान 80 क्रेडिट आणि तसेच 4 जादा केले, तर डिप्लोमा. बाहेर पडल्यावर 3 वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो, आणि सुरुवातीपासून 7 वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. लग्न झालेल्या मुलींना, घरच्या अडचणीनं थांबलेल्या मुलांना ही सोय मोठी आहे.

हे क्रेडिट 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. त्याचं खातं डिजिलॉकर ॲपमधून निघतं. 12 अंकी क्रमांक मिळतो, तो कॉलेजला द्यायचा. आधारला मोबाईल जोडलेला हवा. बारावीच्या मार्कमेमोवर एक नाव आणि आधारवर दुसरं, असं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

जुन्या पॅटर्नच्या मुलांनी

आधीच्या अभ्यासक्रमातही पर्यावरणाचा पेपर सक्तीचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या आदेशातून ही सक्ती आली. तो पेपर राहिलेल्यांनी वाट पाहू नये. जुन्या पॅटर्नच्या परीक्षा विद्यापीठ कायम घेत नाही. किती संधी उरल्या ते कॉलेजच्या परीक्षा विभागात लगेच विचारा.

दर निकालानंतर एवढं तपासा

1. प्रत्येक पेपरपुढं क्रेडिट मिळाले का? शून्य कुठं आहे?

2. एनएसएस, खेळ, क्षेत्रकार्य, ट्रेनिंगचे क्रेडिट चढले का?

3. डिजिलॉकरमध्ये तेवढेच दिसतात का?

4. राहिलेल्या पेपरचा बॅकलॉगचा फॉर्म भरला का? तो आपोआप भरला जात नाही.

5. पात्रतेचे, म्हणजे एलिजिबिलिटीचे कागद पूर्ण आहेत का? ते अपुरे असले तर निकाल राखून ठेवतात.

फरक दिसला तर गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडून प्राचार्यांच्या नावानं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पहिल्या वर्षाची चूक पहिल्याच वर्षी निस्तरते. तिसऱ्या वर्षानंतर तीच चूक काढायला विद्यापीठात हेलपाटे घालावे लागतात. शेवटचा निकाल लागल्यावर पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज आणि फी भरावी लागते, तेही विसरू नका.